निळी की फुलांची

बेबीने दोन चादरी पलंगावर शेजारी शेजारी पसरल्या, तळहाताने सारख्या केल्या आणि विचारलं,

"आई, निळी घ्यायची की फुलांची?"

"फुलांची," बाई म्हणाल्या.

"छान."

बेबीने फुलांची चादर उचलली, घडी घातली आणि पायाशी उघड्या पडलेल्या बॅगेत ठेवली. बॅगेत आधीच बाईंचे गाऊन, शाल, गरम पाण्याची पिशवी आणि चष्म्याचं जादा घर होतं. बाई पलंगाच्या कडेवर टेकल्या होत्या, कारण त्यांची खुर्ची सकाळपासून जागेवर नव्हती. खिडकीखाली फरशीवर तिच्या पायांचे चार फिकट डाग तेवढे दिसत होते.

बाहेरून जावयांची हाक आली.

"अगं, या खुर्चीचे पाय निघतात का? डिकीत बसत नाहीये!"

"आडवी घालून बघा!" बेबी ओरडली.

बाईंनी फरशीवरच्या डागांकडे पाहिलं, मग बॅगेकडे. मग निळ्या चादरीकडे, जी पलंगावर राहिली होती आणि राहणार होती. आणि गेला आठवडाभर जे त्यांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं ते त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं. आपण 'फुलांची' म्हणालो. घ्यायची कुठे, आणि घ्यायची का, हे आपल्याला कुणी विचारलंच नाही.

ही युक्ती दुसऱ्या कुणी त्यांच्यावर चालवली असती तर त्यांनी दारातूनच परत पाठवली असती. पण ती त्यांचीच होती, अगदी हात पुढे करण्याच्या लकबीसकट.

बाईंनी जन्मभर बालवर्ग चालवला. आजूबाजूच्या चार गल्ल्यांतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे टक्कल पडलेला बँक मॅनेजरसुद्धा रस्त्यात दिसला की त्यांना 'बाई' म्हणूनच वाकायचा. बेबीही त्याच वर्गात होती. वर्गात तिनेही बाईच म्हणायचं असा नियम होता, आणि घरी आल्यावर आई म्हणायला तिला थोडा वेळ लागायचा.

दर शनिवारी बाई नव्या आयांना जमवून बोलत. भिंतीवर एक मोठं चित्र होतं. त्यात एक जिना, सगळ्यात खालच्या पायरीवर रांगतं मूल, वरच्या पायरीवर हट्ट करणारं, त्याच्या वर मित्रांचे हात धरलेलं, मग आरशासमोरचा पोरगा, मग नवराबायको, मग कामात गढलेला बाप, आणि अगदी वर काठी टेकून उभे असलेले आजीआजोबा. हे आजीआजोबा पुढे कुठे जाणार, असं एका आगाऊ बाईने एकदा विचारलं होतं. सगळ्या हसल्या होत्या, बाईही. जिन्याबद्दल बाईंचं सांगणं एवढंच असे की प्रत्येक पायरीचं आपलं एक काम असतं. ते राहून गेलं तर माणूस कधीतरी, कुठल्याही वयात, सगळं सोडून खाली उतरतं आणि ती राहिलेली पायरी चढतं.

आणि मग त्या आपली युक्ती सांगत. मुलाला 'जायचं का?' असं कधी विचारू नका. विचारलंत की ते 'नाही' म्हणणार, मग तुम्ही रागावणार, मग ते रडणार. दोन्ही हात पुढे करा आणि विचारा, लाल बूट की पांढरे? मूल बूट निवडतं. जाणं ठरलेलंच आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. हे सांगताना बाई आपले दोन्ही तळवे आयांसमोर धरत, जणू त्यांवर खरंच बूट होते. त्या लकबीची नक्कल करून पोरं एकमेकांना हसवत.

ही युक्ती सगळ्यात चांगली लागू पडली ती बेबीला. लाल बूट की पांढरे इथून सुरुवात झाली आणि ती थांबलीच नाही. गाणं की चित्रकला? गाणं. नर्सिंगचं शिक्षण की चष्म्याच्या दुकानातलं? चष्म्याच्या. पुढे उंच मुलगा की हा शांत, हसरा? बेबीने शांत मुलगा निवडला, आणि तोच आता बाहेर खुर्चीशी झटापट करत होता. लग्न करायचंय का, हा प्रश्न त्या घरात कुणाला सुचला नव्हता. गेली कित्येक वर्षं बेबी चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचं काम करत होती. लोकांच्या डोळ्यांवर एकामागून एक भिंगं चढवून विचारायचं, हे स्पष्ट दिसतं की हे? बाई कौतुकाने सांगत, या कामाला माझ्या बेबीइतकं लायक माणूस शोधून सापडणार नाही. बेबीने पन्नाशी ओलांडली होती. पण नाव एकदा पडलं ते पडलं.

थंडीत बाई न्हाणीघरात घसरून पडल्या. आतून कडी होती, बेबी दुकानात होती, आणि शेजाऱ्यांनी दार फोडेपर्यंत बाई ओल्या फरशीवर नळाकडे बघत पडून होत्या. त्यानंतर त्या दाराला कडी राहिली नाही. हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून टॉवेलच्या खुंट्या कमरेच्या उंचीवर आल्या. बालवर्गात बाईंनी दप्तरांसाठी ठोकून घेतल्या होत्या, नेमक्या त्याच उंचीवर. मग दोन कानांचा कप आला. मग आला हा आठवडा.

आई, बघून यायचं तर सकाळी जायचं की संध्याकाळी? सकाळी. उगवतीची खोली बरी वाटते की बागेकडची? बागेकडची. सोमवार की मंगळवार? सोमवार. सगळे त्या जागेला 'निवास' म्हणत होते, दुसरा शब्द घरात कुणी तोंडातून काढला नव्हता. बाईंना बाग आवडली होती, हे खोटं नाही. तिथल्या व्यवस्थापकाला त्यांनी खोलीतल्या खुंट्या फार उंच आहेत असं सुनावलंही होतं, आणि त्याने लगेच खाली घ्यायचं कबूल केलं होतं. मोठ्या तोऱ्यात परत आल्या होत्या त्या. बघून येणं म्हणजे नुसतं बघून येणं, असं त्यांनी धरलं होतं.

उद्या सोमवार होता.

"नाही," बाई म्हणाल्या.

बेबीने मान वर केली. "काय नाही?"

"मी नाही जाणार."

बेबीने हातातले मोजे बॅगेच्या कडेवर ठेवले, पलंगापाशी आली आणि गुडघे कुरकुरत असतानाही खाली बसली, इतकी खाली की तिचे डोळे बाईंच्या डोळ्यांच्या समोर आले.

"तुला राग आलाय," ती हळू आवाजात म्हणाली. "कळतंय मला. यायलाच हवा."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. मुलाच्या उंचीला या, त्याच्या भावनेला नाव द्या, आवाज चढवू नका. एकही पायरी चुकली नव्हती.

"हे तू मला करतेस? मला?"

"काय करते?"

"हे! हे खाली बसणं! अगं, हे माझं आहे. मी शिकवलंय हे जगाला."

"तुझंच आहे," बेबी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "मला दुसरं काही येतच नाही, आई."

ती पलंगाची कड धरून उठली, पदर बॅगेच्या चेनमध्ये अडकला होता तो सोडवला आणि मोजे आत सारले. थोडा वेळ गेला. मुलाचा राग ओसरायला जेवढा द्यावा तेवढाच.

"केसांचं तेल बॅगेत टाकू की हातातल्या पिशवीत?"

बाईंनी तोंड फिरवलं.

तेवढ्यात बाहेर गडबड झाली. नात आली होती, कडेवर तिची दोन वर्षांची लेक चिंगी. उद्या तिला सुट्टी नव्हती, म्हणून आजच भेटून जायला आली होती. म्हणजे नातीलाही ठाऊक होतं. सगळ्या जगाला ठाऊक होतं, एका बाईंना सोडून.

सगळ्या स्वयंपाकघरात बसल्या. बाईंना भिंतीकडची खुर्ची मिळाली. नातीने चिंगीला टेबलावर बसवलं आणि तिच्यासमोर केळं धरलं.

"नाही!" चिंगी म्हणाली.

"बिस्किट?"

"नाही!"

"मग दूध पिऊ या. नुसतं एवढंसं."

"नाही नाही नाही!"

"सकाळपासून हेच चाललंय," नात म्हणाली. "अंघोळ, नाही. कपडे, नाही. मी 'चिंगी' म्हटलं तरी नाही. वीट आणलाय नुसता. थांब, आता बघ आजीची जादू." तिने फडताळातून दोन कप काढले आणि दोन्ही हात लेकीपुढे केले. "चिंगूताई, लाल कपात दूध की पिवळ्या?"

चिंगीने लाल कपाकडे पाहिलं. पिवळ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी दोन्ही कपांना एकदम फटका मारला. लाल टेबलाखाली गेला, पिवळा बाईंच्या पायाशी येऊन गरगरत राहिला.

"नाही!" चिंगी ओरडली आणि आपल्याच आवाजावर खूश होऊन तिने खालचा ओठ पुढे काढला.

बाई हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच, आणि अगदी मनापासून हसल्या. त्यांना आपली खोली, बॅग, सोमवार, सगळ्याचा क्षणभर विसर पडला.

"पोरगी खमकी आहे! रागावू नकोस तिच्यावर. हे वयच तसं. अगं, ती दुधाला नाही म्हणत नाहीये. ती पहिल्यांदा 'मी' म्हणतेय. इतके दिवस तिला वाटत होतं आई आणि आपण एकच. आता तिला कळलंय की आपण वेगळ्या आहोत, आणि ते ती ओरडून बघतेय. म्हणू दे तिला."

"मग मी काय करू? आरती ओवाळू?"

"काही करू नकोस. समजावू नकोस, कारणं देऊ नकोस, लाडीगोडी नको. नुसतं जवळ थांब. तिला दिसलं पाहिजे की आपण नाही म्हटलं तरी आई जात नाही. पोराचं पहिलं 'नाही' म्हणजे मोठी गोष्ट असते. आपण आया उगाच घाबरतो."

"आणि नाही म्हणायचं राहूनच गेलं तर?"

"राहत नाही. कधीतरी येतंच. पंधराव्या वर्षी येईल, चाळिसाव्या वर्षी येईल. जितकं उशिरा तितकं जड जातं, त्यालाही आणि आजूबाजूच्यांनाही."

नात वाकून टेबलाखालचा कप शोधत होती. तिथूनच तिने विचारलं, "आई पण असलंच करायची का गं लहानपणी?"

"तुझी आई?" बाई ताठ बसल्या. "कधीच नाही! एकदासुद्धा नाही. शनिवारी येणाऱ्या बायकांना मी हिचंच उदाहरण द्यायचे. इतकं गुणी मूल मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. अगं, हिला मी नाही म्हणायची वेळच येऊ दिली नाही."

बेबी ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने पिवळा कप उचलून विसळायला घेतला होता. नळ चालू होता, कप केव्हाच विसळून झाला होता, आणि ती त्याच्यात पाणी भरत होती, ओतत होती, परत भरत होती.

बाईंनी ते पाहिलं. वाक्य तोंडातून गेलं होतं, ते काही परत घेता येण्यासारखं नव्हतं. आणि परत घेण्यासारखं त्यात काय आहे हे त्यांना आत्ता आत्ता, दुसऱ्याच कुणीतरी बोलल्यासारखं, ऐकू येत होतं.

"बेबी, पाणी वाहतंय," त्या म्हणाल्या.

बेबीने नळ बंद केला.

नात फार थांबली नाही. चिंगीने पापा द्यायला नाही म्हटलं, टाटा करायला नाही म्हटलं, आणि दारातून बाहेर पडता पडता आपण होऊन बाईंच्या गालाला आपलं चिकट तोंड लावून गेली. नातीच्या डोळ्यांत पाणी होतं. "भेटायला येईन हं आजी, रविवारी रविवारी," असं म्हणून ती जिना उतरली. बाईंनी 'ये' म्हटलं. येणार नाही हे दोघींनाही माहीत होतं, आणि त्यात पोरीचा काही दोष नव्हता. ती तिच्या पायरीवर होती, तिथून वर बघायला फुरसत नसते.

बाहेर जावई आता कुणाला तरी दोरी मागत होते.

बाई भिंतीचा आधार घेत परत स्वयंपाकघरात आल्या. बेबी चिंगीने कुस्करलेलं केळं टेबलावरून पुसत होती. पुसताना तिची मान एका बाजूला झुकलेली, अगदी लहानपणी चित्र रंगवताना झुकायची तशी. मानेवरचे केस पांढरे झाले होते. ते केव्हा झाले हे बाईंना आठवेना. ही बाई दमली आहे, त्यांच्या मनात आलं. नुसती आजची नाही, फार वर्षांची दमलेली आहे. रोज मला अंघोळ घालते, मग दुकानात जाते, मग फोन करून विचारते की पडलीस तर नाहीस ना. आणि एकदाही कुरकुरली नाही. इतकं गुणी मूल.

पण त्यांना जायचं नव्हतं. त्यांना आपली खिडकी हवी होती, फरशीवर त्या चार डागांवर परत ठेवलेली खुर्ची हवी होती, या घरातले रोजचे आवाज हवे होते. ते इतकं हवं होतं की त्यांना लाज वाटली. काहीतरी बोलायला हवं होतं आणि ते नीट बोलता येत नव्हतं. 'मी दिवसभर पलंगावर पडून राहीन, की शेजारणीला येऊन बसायला सांगू या?' हे वाक्य तयार होऊन ओठांपर्यंत आलं. त्यांचे दोन्ही हात आपसूक पुढे आले, तळवे वर. बेबीने त्या हातांकडे पाहिलं आणि फडकं टेबलावर तसंच ठेवून ती वाट पाहू लागली. काय निवडायचंय ते ऐकायला ती तयार उभी होती, अगदी लहान असल्यापासून उभी राहत आली होती तशी.

बाईंनी हात मागे घेतले आणि शालीखाली लपवले.

"बेबी," त्या म्हणाल्या. "मला इथे राहायचंय. तू मला इथे ठेवशील का?"

बेबी थांबून राहिली. पुढचं काहीतरी येईल, 'की' येईल, अशी ती वाट पाहत होती. तिची नजर बाईंच्या शालीवर गेली, टेबलावर गेली, दाराकडे गेली आणि परत आली. पुढे काही आलं नाही.

"म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे काही नाही. विचारतेय. ठेवशील का?"

बेबीचा खालचा ओठ थोडा पुढे आला. बाईंनी तो अर्ध्या तासापूर्वी, याच टेबलावर, दोन वर्षांच्या चिंगीच्या तोंडावर पाहिला होता.

"नाही," बेबी म्हणाली.

ते इतकं हळू होतं की तिलाच ते खरं वाटलं नसावं. तिने परत म्हणून पाहिलं.

"नाही." मग मोठ्याने, "नाही, आई. नाही ठेवणार. मला नाही ठेवायचं तुला. नाही!"

शेवटच्या शब्दाबरोबर तिने फडकं ओट्यावर आपटलं. ते भांड्यांच्या रॅकवर गेलं, एक वाटी खाली पडली आणि घरंगळत कोपऱ्यात गेली. बेबीने दोन्ही हात तोंडावर घेतले. तिचे खांदे हलत होते. रडते आहे की अजून काही म्हणायचं थोपवते आहे, हे बोटांआडून कळत नव्हतं. तिने कारण दिलं नाही. न्हाणीघराचं नाव काढलं नाही, दुकानाचं नाही, नवऱ्याचं नाही. नुसतं नाही.

"बसली!" बाहेरून जावई ओरडले. "आई, तुमची खुर्ची बसली एकदाची! पाय नाही काढावे लागले."



बाईंनी टेबलाची कड धरली. खाली बसायला जवळच खुर्ची होती. निदान दुसऱ्या खोलीत जाऊन पलंगावर आडवं व्हावं, भिंतीकडे तोंड करावं, असं त्यांना फार वाटलं. बोलण्यासारखंही पुष्कळ होतं. ते सगळं त्यांनी आतच ठेवलं. त्या बेबीच्या शेजारी, हात पुरेल इतक्या अंतरावर, तशाच उभ्या राहिल्या. अशा वेळी मुलाजवळून हलायचं नसतं.